द्राक्षवेलीचा तणावा

सिनसिनाटी, ९ नोव्हेंबर १८७१

चौदा महिने या वहीत एक ओळ लिहिली नाही, याबद्दल वहीची माफी मागतो. आज लिहितो ते मृत्युपत्र आहे.

मी, हायरम अँब्रोज डेल्टन, वय सेहेचाळीस, व्यवसाय फर्निचरचे नमुने काढणे, हे कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डॉक्टरांच्या मते माझे हृदय अधू आहे. डोक्याबद्दल त्यांची तक्रार नाही.

१. राहते घर आणि शिल्लक बहीण लूसिंडा हिला.

२. गॉथिक कमानींचे कपाट माझ्या कॉलेजला. दारांना चर्चच्या खिडकीचा आकार देण्याच्या हौसेत वरच्या कोपऱ्यांतली पुस्तके बाहेर निघेनाशी झाली. तिथे कोणी मागत नाही अशी पुस्तके ठेवावीत. माझा प्रबंध चालेल.

३. जुन्या फ्रेंच धाटणीचा शिसवी कोच, पाठीवर द्राक्षवेल कोरलेली, गॉटफ्रीड एंगलर यांना. कारण लिहिणे भाग आहे.

सोळा वर्षांपूर्वी माझा नमुना पाहून हा ऱ्हाइनकाठचा कारागीर म्हणाला, "साहेब, वेलीचा हा आधार धरणारा तंतू, तणावा, पानाच्या बगलेतून कसा निघाला?"

तिथे शोभतो, असे मी सांगितले.

"शोभत असेल. वेल तसं करत नाही. आमचा बा द्राक्षमळेवाला, त्यानं हे बघितलं तर मला घरात घेणार नाही."

त्याने तणावा पानाच्या समोरच्या अंगाने काढला. मी सर्वांदेखत त्याला फैलावर घेतले. पुढे प्रदर्शनात परीक्षकांनी नेमका तोच तणावा वाखाणला, आणि मी मान लववून पदक घेतले. बैठकीखालच्या चिठ्ठीवर 'रचना व कारागिरी : डेल्टन' असे मीच लिहिले. घाईत लिहिले का, असे स्वतःला अनेकदा विचारले. घाई नव्हती.

धाटणी जुनी झाली म्हणून वरची वेल कोणी कापू नये.

लूसिंडाने हे वाचले. "तू मेल्यावर देणार? हायरम, तो तुझ्याहून चौदा वर्षांनी मोठा आहे. डोळे तर गेलेच त्याचे. आता बोटांनी बघतो."

कलम ३ मी माझ्या हाताने खोडले आहे. बाकी कायम.

सही : हा. अँ. डेल्टन
साक्षीदार : एबेनेझर स्ट्राउड, शेजारी, कॉर्नेलिया स्ट्राउड, त्यांची पत्नी. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

उद्या : कोच गॉटफ्रीडकडे नेणे, आणि तो बैठकीखाली आपले नाव कोरेपर्यंत कोच उलटा धरून ठेवणे.