तळघरातला गॅस

प्रिय ताई,

तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा तू उचलायच्या आत ठेवून दिला. बोलायला तोंड उघडणार नाही, म्हणून लिहितेय. भाऊजींच्या बोटांची पट्टी बदलताना अजून ओरडतात का ते? दवाखान्यात नर्सला म्हणाले होते, "आयुष्यभर लोकांना गार केलं, आता माझीच बोटं गोठली." सगळे हसले. मला मात्र तिथून पळून जावंसं वाटलं.

त्या दिवसाचं तुला तुटक तुटक सांगितलंय, आता सलग सांगते. भाऊजी आणि मी ज्या ऑफिसात कामाला गेलो होतो, तिथला जुना एसी प्लांट भंगारात निघणार होता. त्याआधी त्यातला गॅस मशीनने ओढून सिलिंडरमध्ये भरायचा होता; पुढे तो शुद्ध करून दुसऱ्या एसीत वापरतात. बाकीचे मेकॅनिक व्हॉल्व्ह उघडून हवेत सोडतात आणि मोकळे होतात. भाऊजींना ते खपत नाही, तुला माहीतच आहे. प्लांटची खोली तळघरात, नुसता बिनखिडक्यांचा डबा. पहिला सिलिंडर भरत आला, म्हणून मी रिकामा आणायला वर गाडीकडे गेले. भाऊजी खालच्या व्हॉल्व्हपाशी गुडघे टेकून बसले होते. परत आले तेव्हा मशीन घरघरत होतं, पाइप सांध्यातून फुसफुसत होता आणि भाऊजी पालथे पडले होते, बोटं त्या बर्फगार फवाऱ्यात.

हा गॅस हवेपेक्षा जड असतो. डोळ्यांना दिसत नाही, जमिनीवर पाण्यासारखा साचत जातो आणि श्वासाची हवा हुसकून लावतो. भाऊजींनीच शिकवलं होतं, "कुणी पडलं तर आत धावायचं नाही. आधी पंखा, आधी दारं. नाहीतर एकाऐवजी दोघांना उचलावं लागेल." मी बाहेरूनच पंख्याचं बटण दाबलं, दारं सताड उघडली, वॉचमनला हाका मारल्या. आणि मग उंबऱ्यावरच थिजले. पाय उचलेनात, ताई. त्यांचा एक बूट निघाला होता, मोज्याला भोक होतं, मी त्या भोकाकडे बघत राहिले. आत गेले तर मीही जाईन, एवढंच डोक्यात. शिकवलेलं आठवून थांबले की जिवाच्या भीतीने, ते मला अजून कळत नाही. शेवटी श्वास कोंडून घुसले आणि कॉलरला धरून त्यांना फरफटत बाहेर काढलं.

तेव्हापासून तू ज्याला त्याला सांगतेस, "माझ्या धाकटीने माझा माणूस परत आणला." तू असं म्हणालीस की मी विषय बदलते. मी आता अंघोळीलाही दार पुरतं लावत नाही. पोरं हसतात.

चौकशीत भाऊजींनी लिहून दिलं की गॅसची गळती ओळखणारं यंत्र त्यांनीच बंद केलं होतं. त्यापायी त्यांचा परवाना जाणार होता. ते खोटं आहे, ताई. यंत्र माझ्या कमरेला होतं. काम सुरू झाल्यावर थोड्याच वेळात ते वाजायला लागलं. आठवडाभर ते उगाचच वाजत होतं. मला वाटलं, आजही तसंच. वैतागून बंद केलं; मशीनच्या घरघरीत भाऊजींना ते ऐकू गेलं नव्हतं, मी सांगितलंसुद्धा नाही, आणि पुढे सिलिंडर आणायला वर निघून गेले. दवाखान्यात त्यांच्यापाशी कबूल केलं तर म्हणाले, "तुझी नोकरी नवी आहे, पदरात दोन पोरं आहेत. गप्प बस." तीन आठवडे मी गप्प बसले. आज सकाळी साहेबांच्या हातात खरं काय ते लिहून दिलं. भाऊजींचा परवाना वाचेल, माझं काम गेलं. पण त्याची भीती मला तेवढी नव्हती, जेवढी तुझी आहे. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडूनच कळावं. भाऊजींवर चिडू नकोस, ते तुझ्याच बहिणीसाठी खोटं बोलले. माझ्यावर हवी तेवढी चीड. रविवारी येतेय. तू काय बोलशील, बोलशील तरी का, माहीत नाही. तरी येतेय.

तुझीच,
धाकटी