व्हर्लीन पेटवेच्या एकेचाळीस आरोळ्या

मी, लुसियस टार्विन, वय एकाहत्तर, धंदा गाणी रेकॉर्ड करण्याचा, राहणार मेम्फिस, हे मृत्युपत्र कोणाच्याही धाकाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कान त्याहून चांगले आहेत, त्यांना दाखला लागत नाही. यापूर्वीची तीन मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागात लिहिली होती.

१. राहते घर मुलगी जुनेटा हिला. फ्रीज किंचित बेसूर गुणगुणतो. तो दुरुस्त करू नये.

२. टायरचे बंद पडलेले दुकान घेऊन मी एकट्याने उभारलेला स्टुडिओ, यंत्रांसह, तोही जुनेटालाच. मात्र व्हर्लीनच्या रेकॉर्डवर सॅक्सोफोन वाजवणाऱ्या इसमाला तिथे पाऊल ठेवू देऊ नये. कारण त्याला ठाऊक आहे.

३. आता व्हर्लीन पेटवे. मेम्फिसची ही सोल संगीताची गायिका एकोणीस वर्षे शाळेच्या स्वयंपाकघरात राबत होती. चार वर्षांपूर्वी मी तिला पुन्हा माइकसमोर उभे केले. कंपनीच्या माणसाला हवा होता अ‍ॅडल्ट कंटेम्पररी अल्बम, म्हणजे, त्याच्याच शब्दांत, दातांच्या दवाखान्यात लावला तरी पेशंट खुर्चीतून उठणार नाही असा. व्हर्लीन मात्र चर्चमध्ये गाते तशीच गायली, आरोळ्या देत. मी ब्लेड घेतले, टेपमधून एकेक आरोळी कापली आणि उरलेली टेप जोडून टाकली. अल्बम चांगला चालला.

चर्चच्या जेवणात तिने मला गाठले. "लुसियस, माझ्या आरोळ्या कुठायत?"

"रेडिओला चालत नाहीत गं."

"मग मला कशाला बोलावलंस? त्या दातवाल्याच्या बायकोलाच गायला लावायचं होतंस."

तेव्हापासून दर रविवारी ती रुंदात रुंद टोपी घालून बरोबर माझ्या पुढच्या बाकावर बसते. चार वर्षांत मला पाद्रीबाबा दिसलेले नाहीत.

ते तुकडे मी फेकले नाहीत. एकूण एकेचाळीस, प्रत्येक औषधाच्या वेगळ्या बाटलीत. सर्वांत लांब आरोळी अकरा सेकंदांची. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या केव्हाच गळून पडल्या. कुठली कुठे बसते हे माझ्या कानालाच कळते. या बाटल्या आणि ती जोडलेली टेप माझ्या पश्चात व्हर्लीनला द्याव्यात. तिने अल्बम पूर्ववत करावा आणि जमल्यास मला माफ करावे.

४. हे कलम आज ऐनवेळी वाढवत आहे. साक्षीदार म्हणून सही करणाऱ्या बाईंचा पाय सुजला, म्हणून त्या आल्या नाहीत. चर्चच्या तळघरात मी आणि तिथले कारभारी डीकन एमेट रोलंड दुसरा साक्षीदार शोधत असता व्हर्लीनने कागद ओढून घेतला आणि उभ्यानेच वाचला.

"म्हणजे तू मरायची वाट बघत बसू मी?"

"तसं नाही गं—"

"चिठ्ठ्या गळल्यात म्हणतोस. मग तू गेल्यावर कुठली आरोळी कुठे, हे कोण सांगणार? ते थडगं?" तिने डीकनच्या खिशातले पेन काढले.

डीकन घाबरले. "सिस्टर, साक्षीदार म्हणून सही केलीस तर यातलं तुला काही मिळायचं नाही. कायदाच आहे तसा."

"म्हणून तर करतेय," ती म्हणाली. "हा मेल्यावर याच्याकडून काही घेणार नाही मी."

सबब कलम ३ मधील देणगी रद्द समजावी. बाकीचे कायम.

स्थळ: मेम्फिस, टेनेसी
रविवार, १६ ऑक्टोबर १९८८

सही: लुसियस टार्विन

साक्षीदार:
१. एमेट रोलंड, डीकन
२. व्हर्लीन पेटवे. पत्ता: मंगळवारी सकाळी दहापासून, एकेचाळीस आरोळ्या जागेवर बसेपर्यंत, याच्याच स्टुडिओत.