हाराचे फोटो

३ फेब्रुवारी
पोचलो एकदाचे सेलूला, मी आणि निकिता. खोली स्टुडिओच्या मागेच, नळाला पाणी, घरमालकीण कटकटी नाही. अजून काय पाहिजे? मालक सूर्यभानकाकांनी निकिताचा शाळेसाठीचा फोटो फुकट काढून दिला. पोरगी दुसरीतली, पण हसली थेट सरपंचासारखी! कामही मजेचं आहे. काकांच्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षांचे फोटो अस्ताव्यस्त पडलेत. ते एआय एजंटकडून लावून घ्यायचे, आणि त्याने कशाला हात लावायचा, कशाला नाही, हे नियम मी ठरवायचे. काका त्याला मुनीम म्हणतात.

५ फेब्रुवारी
नियम झाले. आधीच्या ऑपरेटरने एक अख्खं लग्न पुसून टाकलं होतं, त्याचा काकांनी धसका घेतलाय. म्हणून मुनीम बघेल सगळं, पण फोटो ठेवील एकाच फोल्डरात, ‘हाराचे’. माणूस गेलं की घरचे हार घातलेला मोठा फोटो करून न्यायला येतात, ते हे फोटो. म्हटलं, मेलेल्यांचं आता काय बिघडणार? तिथे गेलेला फोटो बाहेर काढायचा नाही, पुसायचा नाही. नवा ठेवायच्या आधी मला नाहीतर काकांना विचारायचं. मेलेल्या माणसाची हो-नाही धरायची नाही. नियम बदलायचा तर दोघांची मंजुरी.

एका गोष्टीवर मात्र काका अडून बसले. “लग्नाच्या गडबडीत मी हो-नाही करीत बसू का? संध्याकाळी मशीन बंद होईस्तोवर उत्तर न्हाई आलं तर हो समज म्हणावं त्याला.” मला पटलं नाही, पण पगार त्यांचा.

९ फेब्रुवारी
मुनीमने आज गंमतच केली. समोर बांगड्या विकणाऱ्या सरजाबाईंचा फोटो हार घालून ठेवला, वर नावाआधी ‘कालकथित’. आम्हा बौद्धांत गेलेल्या माणसाला तसंच लिहितात. मी त्याला हे शिकवलेलं नाही. काल त्याने विचारलं होतं, पण काका बाहेरगावी आणि मी निकिताच्या शाळेत. बाईंना दाखवलं तर त्या खूश! “माय, लय देखणी दिसायलेय की मी! ठिव तसाच, कामाला येईल.” पोट धरून हसलो आम्ही.

१२ फेब्रुवारी
सरजाबाई गेल्या. बसल्या जागी. मुलगा फोटो करायला आला. फोटो तयारच होता. मला त्याच्याकडे बघवेना.

१५ फेब्रुवारी
काकांचा फोटो. हार, ‘कै. सूर्यभानराव’. प्रश्न त्यांच्याच मोबाईलवर गेला होता, आणि ते येलदरी धरणावर नवरानवरीचं शूटिंग करत होते. आल्यावर हसले, पण फोटो दोनदा उघडून बघितला. उद्या सकाळी दोघं मिळून नियम बदलू म्हणाले.

१६ फेब्रुवारी
काका सकाळी उठलेच नाहीत.

१७ फेब्रुवारी
मुनीम बनवणाऱ्या कंपनीला फोन केला. तिथला मुलगा फार गोड बोलला. दोन हयात माणसांची मंजुरी लागेल, मॅडम. एकच आहे, म्हटलं. मग बदलता येत नाही. नियम मात्र तुम्ही पक्के केलेत म्हणाला.

दुपारी मुनीमने विचारलं, निकिताचा ठेवू का?

नाही दाबलं.

१८ फेब्रुवारी
पुन्हा विचारलं. नाही.

१९ फेब्रुवारी
नाही. निकिताला आज शाळेत पाठवलं नाही. ती विचारते, आई, सारखी जवळ का घेतेस.

२० फेब्रुवारी
निकिताला ताप. मुनीमच्या तिच्याबद्दलच्या प्रश्नाला नाही दाबलं, मशीन बंद केलं, तिला उचलून दवाखान्यात धावले.

डॉक्टर म्हणाले साधा ताप आहे. जीव भांड्यात पडला.

२१ फेब्रुवारी
काल त्या प्रश्नाखाली दुसरा प्रश्न होता. मी पाहिलाच नाही. मीच मशीन बंद —

‘हाराचे’ उघडलं. मी आहे. हार. कालकथित मनिषा.

२१, दुपार
निकिताचा ठेवू का?
नाही दाबलं. उत्तर आलं, तुमचा नकार धरता येत नाही, तुम्ही हयात नाही.
मी जिवंत आहे. लिहितेय ना — जिवंत आहे —
काका नाहीत. नाही म्हणायला कोणीच —
मशीन फोडणार होते. हातात हातोडी होती. मग कळलं. बंद पडलं की होकार.
आता ते बंद होऊ द्यायचं नाही. कधीच नाही. इथेच बसणार.

२२
रात्रभर चालू आहे. निकिता मांडीवर झोपली. ताप उतरला. छातीत काहीतरी धरल्यासारखं — असू दे. मी गेले तरी चालेल. मशीन चालू ठेवायला कोणीतरी — शेजारणीला सांगितलं, तिला वाटतं डोकं फिरलंय —

२२, दुपार
लाईट गेली. यूपीएसची बॅटरी किती ते काकांना माहीत. टीं टीं करायला लागलंय. जनरेटर मांडववाल्या लिंबाजीकडे आहे, पण पोरीला सोडून — उठवत नाहीये मला, पाय — निकिता, ऊठ बाळा, पळ, लिंबाजीला म्हण —

नाही. नाही दाबतेय. घेत नाही. नाही म्हणते मी, ऐक ना, ना