केळी सुकेपर्यंत

प्रिय वसंता,

ठण्ण! ठण्ण! आणि मग तुझी आरोळी, "हाऽड, मेल्यांनो!"

आज सकाळी खाली कुणी पत्रा ठोकत होतं आणि मी तीस वर्षं मागे गेलो. गिरीजच्या तुमच्या वाडीत मांडवावर सोललेली राजेळी केळी उन्हात घातलेली, आणि तू रिकामा डबा बडवत कावळे हाकलत होतास. मी वसईत नव्याने राहायला आलेला कारकून, सुकेळी विकत घ्यायला आलो होतो. आधी तो आवाज आवडला, माणूस नंतर. हे तुला कधी सांगितलंच नाही!

म्हणून लिहायला बसलो. शिवाय एक बातमी आहे, ती तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

आपलं ठरलं काय होतं, आठवतं? "केळी सुकेपर्यंतच हां, मास्तर. मग तू तुझ्या वाटेने, मी माझ्या." मास्तर म्हणे! शाळेतल्या कविता अजून पाठ होत्या, एवढाच माझा गुन्हा. आठ दिवसांची गंमत. दोघांनाही तेवढीच हवी होती. मी कविता म्हणायचो आणि तू खेकसायचास, "तोंड पुरे, हात चालव. ते केळ उलट!"

आठव्या दिवशी सुकेळी केळीच्या वाळक्या सोपटात बांधून झाली. मी पिशवी उचलली. तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "आणखी दोन घड उतरवलेत. ते कोण उलटणार?"

लबाडा! ते घड अजून भरलेसुद्धा नव्हते. त्यांची सुकेळी चामड्यासारखी झाली, ती आपणच महिनाभर चघळली.

राग एकाच गोष्टीचा आहे. घरात तू मला शेवटपर्यंत नुसता "मित्र" म्हणालास. तुझा भाऊ गेल्यावर घरात वहिनी आणि तू, दोघंच. त्या वाढायच्या, "मास्तर, भात घ्या ना." आणि आपण खाली मान घालून जेवायचो. कशाला रे एवढे घाबरलो? तू गेलास त्या दिवशीही मी ओटीवर, चपलांपाशी उभा होतो.

परवा वाडीवर गेलो आणि सांगून टाकलं. "तो माझा नुसता मित्र नव्हता, वहिनी. माझं माणूस होतं ते." त्या तशाच उठून आत गेल्या. मी फाटकाबाहेर पडलो. वाडी आता तुटली, असं वाटलं. पण काय सांगू, छाती इतकी हलकी! रिक्षासुद्धा केली नाही. कविता म्हणत घरापर्यंत चालत आलो.

यापुढे कुणीही विचारू दे, तुला "मित्र" म्हणून उरकणार नाही. शब्द देतो.

थांब, दार वाजतंय.

वहिनी! ते गुडघे घेऊन तीन जिने चढून! आजवर कधी आल्या नव्हत्या. खुर्चीत बसून धापा टाकतायत. पाणी दिलं आणि घाईने लिहितोय. म्हणाल्या, "न सांगता निघून काय गेलात? मी चहा टाकायला गेले होते."

मी त्यांच्या हातातला रिकामा पेला घेतला.

"मला काय माहीत नव्हतं? आंधळी आहे का मी? उद्या केळी मांडवावर घालायचीत, डबा बडवायला माणूस नाही. चला, भाऊजी."

भाऊजी! असं त्या तुला म्हणायच्या ना रे?

जातो, वसंता. एकाही केळाला चोच लागू देणार नाही. मात्र एखादा कावळा हट्टाने बसूनच राहिला, तर त्याला हाकलणार नाही. सांगता येत नाही, तूच असशील.

तुझाच,
मास्तर