तेराव्याची सवाष्ण

ता. ११ फेब्रुवारी १९३६, अनसिंग
ती जाऊन आज आठवा दिवस. सकाळी वांगी तोडली, दोन डाली वाशिमच्या बाजाराला जाणाऱ्या गाडीत घातली. माल थांबत नाही. सासूबाई इंझोरीहून आल्या आहेत, दिवस होईपर्यंत राहतील. दुपारी अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंचे पाकीट आले. एक इंग्रजी कागद, सोबत मराठीत काही ओळी. पहिलीच ओळ – बायकोला लवकर घेऊन या, कापून काढू, बरी होईल.
जेवलो नाही.

ता. १२
पत्र पुन्हा वाचले. पौषात बाईंनी तिच्या गुह्य जागेवरच्या फोडाचा तुकडा काढून नागपूरला तपासायला पाठवला होता. चार वर्षांचा फोड. वाटाण्याएवढा, मध्ये खड्डा, कड मोत्यासारखी चकचकीत. बाई लिहितात, ही गरमी, म्हणजे उपदंश, नव्हे. कातडीच्या खालच्या थरातून निघणारा कॅन्सर. हळू वाढतो, सहसा दुसरीकडे पसरत नाही. बहुधा तोंडावर होतो, त्या जागी फार क्वचित. म्हणून पुस्तकांत कोणी कातडीच्या रोगांत धरतात, कोणी बायकांच्या.
खाली वेगळी ओळ – नवऱ्याकडून येत नाही.
हे मी विचारले नव्हते. माझे तोंड पाहून ओळखले असेल.

ता. १३
लिहून ठेवतो. लग्नाआधी एकदा जत्रेत तसल्या बाईकडे गेलो होतो. एकदाच. हिला फोड झाल्यापासून तेच डोक्यात. नागपूरच्या उत्तराची वाट पाहिली नाही. शेलूबाजारच्या हकिमाकडून गरमीवरच्या रसकापुराच्या, पाऱ्याच्या गोळ्या आणल्या. बळाची औषधे म्हणून तिला दिल्या. हिरड्या सुजल्या, लाळ थांबेना, मग रक्ताची हगवण.
गोळ्या कशावरच्या, ते तरी शेवटी तिला कळलेच. "तुमाले तं काई झालं नाई, मंग मलेच काहून?" मी बैल सोडायला उठलो.
कोतवालाच्या मरणनोंदीच्या वहीत ताप, पटकी, देवी, प्लेग, हगवण आणि इतर, एवढेच रकाने. मी हगवण सांगितले. खोटे नव्हते. पण

ता. १४
ती सवाष्ण गेली, म्हणून तेराव्याला तिच्या नावाने सवाष्ण जेवली पाहिजे. सासूबाईंनी शेजारच्या भागावहिनींना विचारले. मी गोठ्यात होतो, सगळे ऐकू आले.
"मावशी, राग नोका धरू. तिची लाळ साऱ्या गावानं पाह्यली. अशी लाळ कायच्या गोयांनं येते, ते का आमाले समजत नाई?"
"माही पोरगी तशी नोती वो."
"पोरगी नसन. जवाई असन."
आणखी दोघींनी नाही म्हटले. एकीने उपास सांगितला. सासूबाई घरात येऊन म्हणाल्या, "एकादस नाई, सोमवार नाई, हिचा कोन्ता देव उपाशी बसला?" मग पदर तोंडाला लावून बसल्या. सवाष्ण न जेवता पोरीला कसे वाटे लावू, म्हणतात.

ता. १५
सासूबाईंना पत्र वाचून दाखवले. त्या जागेचे नाव तोंडातून निघेना, नुसते "त्या जागी" म्हणालो. गरमी नव्हती हे ऐकून रडल्या. मग डोळे पुसले.
"मंग गोया कोनं आनल्या?"
"मी."
"काहून?"
जत्रेचे सांगितले. त्यांनी हात पुढे केला. मग म्हणाल्या, "कागद द्या इकडं." त्यांना अक्षर येत नाही. कागद ओच्यात खोचून भागावहिनींकडे गेल्या. दिवा लागायच्या सुमारास परतल्या. तिथे किती सांगितले, पोरीपुरतेच की माझेही, ते विचारले नाही.

ता. १६
तेरावा. सासूबाईंनी पहाटे आंघोळ करून वडे, खीर, भात केला. झाकून ठेवला आणि गाठोडे घेऊन इंझोरीच्या वाटेला लागल्या. गाडी जुंपतो म्हणालो. "नोको, मी जाईन." पत्र त्यांच्याजवळच आहे. सवाष्ण कोण येणार, येणार की नाही, ते सांगून गेल्या नाहीत.
भागावहिनींचे दार लोटलेले आहे. आत भांडी वाजतात.
ओसरी सारवली. पाट ठेवला, पान मांडले, हळदीकुंकवाची वाटी शेजारी. रांगोळी मला येत नाही. चिमटीत पीठ घेऊन पानाभोवती चार सरळ रेघा ओढल्या.