ऐकू आलं की बोट वर

हिंगणघाट, ९ जानेवारी १९८१

मिलमध्ये कानांची तपासणी. आमच्या लूम खात्यापासून सुरुवात. डोक्याला यंत्र लावतात, डॉक्टर बटण दाबतात, शिट्टी ऐकू आली की बोट वर करायचं. नापास झाला की बदली बाहेर शांत यार्डात, कापसाच्या गाठी मोजायला. समोर औषधांचं कपाट — काचेत डॉक्टरांचा अंगठा स्वच्छ दिसत होता. अंगठा दबला की माझं बोट वर. ऐकायची गरजच नाही! मास्तरांची कॉलर धरून बी.एस्सी. घालवलं, पण डोकं शाबूत आहे.

डॉक्टर म्हणाले, कानात कापसाचे बोळे घालून मागांचा हा आवाज अडत नाही, रबरी बुचं घाला. कानातल्या आतल्या पेशी मेल्या की पुन्हा येत नाहीत. आमचे जॉबर, म्हणजे खात्याचे मुकादम, महादेवराव म्हणाले, "कापूस दरसाल उगवते डाक्टरसाहेब, हे काऊन नाई उगवत?" सगळं खातं हसलं. डॉक्टर सोडून.

महादेवराव म्हणजे शालूचे वडील, आणि शालूवर माझा जीव. त्यांची पाळी उद्या.

१० जानेवारी

पानठेल्यावर गाठून त्यांना काचेची युक्ती सांगितली. पास! "पोट्टा कामाचा आहे. उद्या येजो घरी जेवाले." शालूच्या घरी! नवा शर्ट इस्त्रीला टाकला.

११ जानेवारी, रविवार

जेवताना शालूची आई वच्छलाबाई चुलीपासून हाका मारत होत्या, "अजी, भाकर देऊ का?" महादेवराव आपले खातच. शेवटी शालूने त्यांचा दंड हलवला. ते हात धुवायला गेले तशी माझ्याकडे वळली.

"बाबा पास कसे झाले जी? डाक्टरले मीच जाऊन सांगतलं होतं, बाबाचे कान गेले म्हणून. म्हटलं यार्डात गेले त उरले तेवढे कान तरी वाचतीन. आईचा आवाजच ऐकू येत नाई त्याईले."

मी वाटीतल्या वरणाकडे पाहत बसलो.

१२ जानेवारी

शरम वाटते. तिला खूश करायला गेलो आणि तिच्या बापाचे उरलेसुरले कान पुन्हा लूममध्ये नेऊन बसवले.

जेवणाच्या सुट्टीत म्हटलं, "काकाजी, डॉक्टरांना खरं सांगू या."

"यार्डात बुढे जातेत. मले बुढा म्हणून राह्यला का बे? माह्या घरी पाय नको ठेवजो." सगळ्यांदेखत. नेहमीचा मी असतो तर अंगावर गेलो असतो. आज तेवढंही तोंड नव्हतं.

१३ जानेवारी

दवाखान्याच्या दारातून परत आलो. भित्रा.

१५ जानेवारी

आज सांगितलं सगळं. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचीच जास्त लाज वाटली. उठून कपाटाच्या काचेवर वर्तमानपत्र चिकटवलं. "उद्या त्यांना पाठवा. परवा तुम्ही."

"मी कशाला? मी ठणठणीत आहे."

"या तरी."

१६ जानेवारी

महादेवराव नापास. सोमवारपासून यार्डात. माझ्याजवळून गेले, पाहिलंही नाही. शालू फाटकाशी त्यांचा डबा घेऊन उभी होती. म्हणाली, "बाबाले तुम्हीच शिकवलं होतं ना? त्याईनं सांगतलं." डबा पहारेकऱ्याकडे देऊन गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१७ जानेवारी

गेलो. जाड आवाज आले, बोट वर केलं. मग बराच वेळ काहीच नाही. म्हटलं, "डॉक्टर, यंत्र बंद पडलं वाटतं."

"चालूच आहे," ते म्हणाले.