खालचा कप्पा

४ मार्च

चि. मेकॅनिकबाईस अ. उ. आ.

फोनवर आपण दोघंही बरं आहे म्हणतो आणि ठेवून देतो, म्हणून शेवटी कागद घेतला. माझी तब्येत ठीक, गुडघे सोडून.

बातमी वाईट आहे. घरचे फोटो-आवाज साठवायला तू कपाटात बसवून गेलेला सर्व्हर चालू दिसतो, दिवे लुकलुकतात, पण आत ठणठणाट. फोटोंचं ॲप मला ओळखत नाही, नाव विचारतं. आवाजांच्या ॲपचीही तीच गत. तुझ्या सासूचे दोनशे बारा आवाज होते, तिच्या शेवटच्या वर्षात तूच मागे लागून रेकॉर्ड करून घेतलेले. आता तिथे शून्य लिहिलंय. रोज सकाळी चहाबरोबर एक ऐकायचो. ती मला झापते ते जास्त ऐकायचो, कारण त्यात ती अगदी जशीच्या तशी आहे.

चिरंजीवांना कळवलं. ते म्हणाले, जुनं टाकून द्या, नवीन पाठवतो. नवीन घेऊन काय करू? त्यात ती कुठे असणार? तुमचं दोघांचं फाटलं त्याला दीड वर्ष झालं. तुला काम सांगायचा हक्क आता मला उरलेला नाही, हे कळतं. कळूनही सांगतोय. तू तिकडून इंटरनेटवरून सर्व्हरच्या आत शिरायचीस तो दरवाजाही बंद पडलाय म्हणे.

घरात फार शांत वाटतं. जमेल तसं कळव.

तुझा,
घड्याळजी

११ मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि.

हक्काचं काढलंत म्हणून आधी तुमचा राग आला. मग पत्र तीनदा वाचलं आणि ऑफिसात जिन्यात जाऊन बसले. मलाही त्या आवाजांची आठवण येते. इथे मला मेकॅनिक म्हणणारं कुणी नाही.

आता नीट ऐका. प्रत्येक ॲप म्हणजे एक डबा. डबा फुटला तर तसाच दुसरा आणता येतो, त्याचं दुःख नाही. माल डब्यात नसतोच, तो शेजारच्या मोठ्या डिस्कवर असतो. डबे रिकामे दिसतात म्हणजे त्यांना डिस्क सापडत नाहीये. ती कायमची गेली, की नुसती रुसली, हे बघायला हवं. बाबा, कुणी काही हलवलं होतं का? खरं सांगा, मी ओरडणार नाही.

तेवढ्याच मापाची नवी डिस्क आणा. आधी सगळे डबे बंद करायचे. मग जुनीवरचं सगळं नवीवर उतरवायचं. ते पूर्ण होईपर्यंत दुरुस्तीच्या वाटेला जायचं नाही. आजारी डिस्कवर दुरुस्ती चालवली तर उरलंसुरलंही जातं. नंतर दुरुस्ती करायची ती फक्त नवीवर. सोबतच्या कागदावर एकेक ओळ मोठ्या अक्षरात लिहिली आहे. जशीच्या तशी टाइप करा, आपली अक्कल चालवू नका. तुमचा स्वभाव मला माहीत आहे.

उत्तराची वाट बघते आहे, उशीर करू नका.

तुमची,
मेकॅनिक

२१ मार्च

चि. मेकॅनिकबाईस अ. उ. आ.

कबूल करतो. मीच हलवलं. डिस्कच्या वायरचं टोक काळवंडलेलं दिसलं आणि हात शिवशिवले. चाळीस वर्षं घड्याळं उघडून पुसली, मला घाण बघवत नाही. स्पिरिटचा बोळा फिरवला, तोही सर्व्हर चालू असताना. खट्ट झालं, वायर सुटली. परत लावली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. मुलाला सांगितलं नाही. पहिल्या पत्रात तुलाही सांगायची हिंमत झाली नाही. आपल्या हातानं तिला घालवलं, या विचारानं जेवण जात नव्हतं.

नवी डिस्क आणली. उतरवायला एकोणीस तास लागले. खुर्ची टाकून समोर बसलो होतो, दवाखान्याबाहेर बसतात तसा. चौथी ओळ तीनदा चुकली. एकदाही अक्कल चालवली नाही, याची नोंद घे. शेवटी सर्व्हर बंद करून चालू केला, डबे उठले, आणि आकडा आला, दोनशे बारा. पहिलाच लावला तो ओल्या टॉवेलवरून झापल्याचा. मी तो टॉवेल खुर्चीवरून उचलला, दोरीवर टाकला, आणि मग रडलो.

दरवाजाही उघडला असेल. एकदा आत येऊन बघून जा. त्यानंतर या म्हाताऱ्याच्या भानगडीत पडू नकोस. तुला तुझं आयुष्य आहे. सुखी राहा, एवढंच मागणं.

तुझा,
घड्याळजी

२९ मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि.

दरवाजा उघडला, आत आले, सगळं तपासलं. नवी डिस्क ठणठणीत आहे. स्पिरिटची बाटली मात्र शेजारच्यांना देऊन टाका.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. डिस्क सापडली नाही की डबे थांबत नाहीत, तिच्याच जागी रिकामा कप्पा करतात आणि त्यात लिहीत बसतात. डिस्क परत बसली की तो कप्पा तिच्याखाली झाकला जातो. दिसत नाही, पण असतो. जागा मोकळी करायला मी तो उघडला. न ऐकता पुसायचा असतो. मी ऐकला.

त्यात डिस्क बंद होती त्या दिवसांतले चौदा आवाज आहेत, सगळे तुमचे. आई जे बोलायच्या ते तुम्ही आठवून आठवून, विसरण्याआधी, स्वतःच्या आवाजात बोलून ठेवलंत. किल्ली कुठे ठेवायची, गोळ्या कधी घ्यायच्या. मला हाका मारतानाची त्यांची ढबसुद्धा. नवव्यात मात्र आई नाहीत. त्यात तुम्ही त्यांना सांगताय की पोरीला एकदा बघावंसं वाटतं, पण आता कोणत्या नात्यानं बोलावू?

बाबा, कोर्टात मला तुमच्या मुलाबद्दल विचारलं. त्यावर मी सही केली. तुमच्याबद्दल कुणी काही विचारलं नाही, आणि मी कशावरही सही केलेली नाही.

पाच तारखेला सकाळच्या गाडीनं येते. चार दिवस राहीन. स्टेशनवर येऊ नका, गुडघे सांभाळा, घर मला माहीत आहे.

लोभ होताच, तो तसाच राहू द्या.

तुमची सून